अकारण भय आणि सत्त्वावजय : सुईच्या भीतीच्या निमित्ताने

सर्प दिसताच मागे सरणे हा विकार नव्हे. ते शरीररक्षणाचे साधन आहे. मात्र भय संकटाच्या मानाने अवाजवी असेल, सहा महिने वा अधिक काळ टिकून असेल आणि त्यामुळे नित्य व्यवहार किंवा उपचार अडत असतील, तर तो भयविकार होय. आधुनिक वैद्यक त्यास फोबिया म्हणते. उंची, लिफ्ट, बंद खोली, कुत्रा, रक्त, सुई ही त्याची नेहमीची निमित्ते. आपले भय व्यर्थ आहे हे रुग्णास बहुधा कळत असते, परंतु कळूनही ते सुटत नाही. म्हणूनच केवळ उपदेश अपुरा पडतो.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीतील एक भगिनी पायाच्या न भरणाऱ्या व्रणासाठी माझ्याकडे आल्या. प्रमेहाची शंका स्पष्ट होती. परंतु रक्ततपासणीचे नाव काढताच त्यांना घाम फुटला. पूर्वी एकदा रक्त देताना त्या मूर्च्छित झाल्या होत्या. त्यांची घालमेल पाहून मी ब्राह्मीवटी दिली आणि ‘पुढच्या खेपेस पाहू’ म्हणालो. असे तीनदा घडले. तोवर व्रण वाढला होता. त्यांचे भय मीच जोपासत होतो, हे मला उशिरा उमगले.

टाळणे हेच भयाचे पोषण

निमित्त टाळले की रुग्णास तत्काळ हायसे वाटते. ‘टाळले म्हणून वाचलो’ अशी मनाची खूणगाठ बसते आणि पुढील वेळी भय अधिक बळावते. भयाने वायू प्रकुपित होतो, असे चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सिताध्यायात सांगितले आहे. कंप, हृद्द्रव, मुखशोष, अतिसार ही लक्षणे आपण नित्य पाहतोच.

अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे म्हणजे सत्त्वावजय. याचा अर्थ ‘सुईपासून दूर राहा’ असा घेतला, तर चिकित्सा उलटी होते. येथे अहितकर विषय सुई नसून ‘सुईने अनर्थ होईल’ ही कल्पना आहे.

चिकित्साक्रम

मानसदोषांवर चरकाचार्यांनी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे उपाय सांगितले. व्यवहारात प्रथम रुग्णास विकाराचे स्वरूप समजावावे. मग भयाच्या पायऱ्या मांडाव्यात : सुईचे चित्र पाहणे, बंद पुडीतील सुई हाती घेणे, दुसऱ्याची तपासणी पाहणे, शेवटी स्वतःची. एका पायरीवरील भय ओसरल्यावरच पुढची घ्यावी. जबरदस्ती वा फसवणूक कदापि करू नये. प्रत्येक यशाची आठवण पुढील भेटीत करून द्यावी. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या बालकास आवडते खाणे देत देत ससा हळूहळू जवळ आणला व त्याचे भय घालविले. तत्त्व तेच.

रक्त व सुईच्या भयात एक विशेष आहे. इतर भयांत नाडीची गती व रक्तदाब वाढतात. येथे ते प्रथम वाढून मग एकाएकी घसरू शकतात व मूर्च्छा येते. अशा वेळी ‘अंग सैल सोडा’ हा सल्ला उपयोगी नाही. स्वीडनमधील लार्स-योरान ओस्ट यांनी १९८७ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीनुसार हात, पाय व धड यांचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, ताठ करावेत. २० ते ३० सेकंद पूर्वस्थितीत आणावेत. असे पाच वेळा करावे. सुई टोचताना तो हात मात्र सैल असावा. सिरावेध व जलौकावचरण करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी ठेवावे. रक्तदाब वा हृद्रोग असलेल्यांत मात्र विचारपूर्वक योजावे.

वरील भगिनींची तपासणी या क्रमाने तीन आठवड्यांत झाली. साखर फार वाढलेली निघाली. योग्य उपचारांनी व्रण भरला. आता त्या दर तीन महिन्यांनी स्वतःहून तपासणीस जातात. ब्राह्मी, अश्वगंधा ही द्रव्ये साहाय्यक आहेत. ती पायऱ्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

सावधगिरी

कुत्रा चावल्यानंतर उद्भवलेली पाण्याची भीती हा भयविकार नव्हे. तो सुश्रुतोक्त जलत्रास असू शकतो. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. दंशानंतर लक्षणांची वाट न पाहता लस घेण्यास सांगावे. धडधड होत असल्यास हृदय व थायरॉइड यांची तपासणी करावी. भयाने जगणेच नकोसे झालेल्या रुग्णास मानसरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंना विनंती, की चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देऊ नये. गोळीने ती वेळ निभावते, भय मात्र तसेच राहते. ‘भीतीवर काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास ‘भीतीमुळे कोणती तपासणी वा उपचार राहिला आहे?’ एवढे विचारावे. या प्रश्नाने एखाद्याचा पाय वाचू शकतो.