बोअर, चाळण आणि गुप्तधन

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, महोन बे या उपसागरात, ओक आयलंड नावाचं जेमतेम १४० एकरांचं बेट आहे. १७९५ साली तिथे एका संशयास्पद खड्ड्याचा माग लागला असं सांगतात. तेव्हापासून माणसं तिथे गुप्तधन शोधताहेत आणि ते अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. सध्या रिक आणि मार्टी लगीना हे भाऊ हा शोध चालवतात. २०१४ पासून तो टीव्हीवरही दिसतो. उन्हाळी हंगामातला तिथला कामाचा दिवस साधारण असा.

सकाळी ७
गाड्या समुद्रातल्या बांधावरून बेटावर येतात. अवजड यंत्रं नेता यावीत म्हणून १९६५ मध्ये रॉबर्ट डनफील्डने हा बांध घातला. त्याच वर्षी १७ ऑगस्टला एका खोल खड्ड्यात विषारी वायूने चार जण दगावले होते. गुप्तधन बळी मागतं ही समजूत इथेही आहे: आजवर सहा गेले, सातवा गेला की धन मिळेल म्हणे. बोअर मारणाऱ्या रिगवरच्या माणसांना मात्र दंतकथेपेक्षा ढासळणाऱ्या कडांची काळजी जास्त. म्हणून आधी हेल्मेट, बूट, सुरक्षेच्या सूचना.

८.००
रिग सुरू होते. पाइपला अतिजलद कंपनं देत तो जमिनीत उतरवतात आणि मातीचा अखंड दंडगोल, म्हणजे कोअर, वर काढतात. बोअर कुठे मारायचं, हाच मोठा प्रश्न. डनफील्डने सुमारे १०० फूट रुंद आणि १३० फुटांहून खोल असा अजस्र खड्डा खणून सगळा भाग उलटापालटा केला. त्याच्याआधीच्या कंपन्यांनीही भुयारं आणि खड्डे पाडून ठेवले होतेच. त्यामुळे १७९५ चा मूळ खड्डा नेमका कुठे होता, हेच आता बोअर मारून शोधावं लागतं.

९.३०
कोअर लांब टेबलावर येतो. वरचं प्लास्टिक कापायचं, खोली लिहायची, हाताने चिखल फोडत पुढे सरकायचं. हिमनदीने आणून टाकलेली चिकण माती, दगडगोटे, पुन्हा माती. आणि मग एखाद्या खोलीवर लाकूड! टीव्हीवर इथे संगीत वाजतं. टेबलाशी मात्र वाद सुरू होतो. हे लाकूड धन पुरणाऱ्याचं, की १८०४, १८४९ किंवा १८६१ च्या शोधकांनी आधाराला लावलेलं? करवतीच्या खुणा पाहतात, तुकडा प्रयोगशाळेत जातो. पण कार्बन-१४ सांगतो ते झाड कधी वाढलं ते. फळी खाली कधी बसवली ते नाही. वर्षवलयं मोजली तरी शेवटचं वलय शाबूत असेल तरच झाड तोडल्याचं वर्ष कळतं.

११.००
थोड्या अंतरावर पुरातत्त्वज्ञ गुडघ्यांवर बसून थापीने माती खरवडताहेत. रिगवाल्यांच्या लेखी मधली माती म्हणजे अडथळा. इथे तीच मिळकत. सॅम्युअल बॉल हा अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेला कृष्णवर्णीय शेतकरी या बेटावर जमिनी घेऊन राहिला. त्याच्या घराच्या पायाचं उत्खनन झालं. बटणं, खिळे, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे: यांतून बेटावर संसार कसे चालत होते ते दिसतं.

दुपारी १
जेवण. गप्पांत १८९७ च्या बोअरमधून वर आलेला चर्मपत्राचा कपटा असतो, आणि १९०९ च्या मोहिमेतला तरुण फ्रँकलिन रूझवेल्टही. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच.

२.००
उपसलेली माती पसरून मेटल डिटेक्टर फिरवतात, मग ती धुऊन चाळतात. यंत्र किंचाळतं, सगळे वाकतात, निघतो बैलाचा नाल. नाल पुष्कळ निघतात, कारण इथे ओझी बैलांनीच ओढली.

४.००
भरती चढते. खोल खणलं की खड्ड्यांत पाणी भरतं, हे जुनं दुखणं. धन राखण्यासाठी मुद्दाम समुद्रापासून पाट खोदले, असं एक मत. खाली जिप्सम आणि चुनखडी आहे, ती पाण्यात विरघळून नैसर्गिक पोकळ्या झाल्या, असं दुसरं. पहिल्या मताच्या बाजूने स्मिथ्स कोव्ह किनाऱ्यावर सापडलेला काथ्या उभा आहे. या थंड मुलखात नारळ होत नाही. पण जहाजात माल हलू नये म्हणून काथ्या भरत असत, म्हणजे तो कुणाही खलाशाने टाकलेला असू शकतो.

५.३०
पिशव्यांना चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांना क्रमांक, क्रमांकांची वहीत नोंद. २०११ पासून या बेटासाठी धनशोधाचा वेगळा कायदा आहे, आणि पुरातत्त्वीय उत्खननाला वेगळी परवानगी लागते. शेवटी आजच्या बोअरपुढे खोली लिहितात आणि शेरा: काही नाही.

या शेऱ्याची किंमत आधीच्या कंपन्यांना कळली नाही. त्यांनी सांगोवांगी मागे ठेवली, नकाशे आणि मोजमापं फारशी नाहीत. म्हणून आजचा निम्मा वेळ त्यांचीच लाकडं ओळखण्यात जातो. नोंद नीट ठेवली नाही, तर आणखी शंभर वर्षांनी कुणीतरी यांचाच पाइप वर काढील आणि समुद्री चाच्यांचा म्हणून नाचवील.