उष्णतेनें घडलेली होडी

उत्तर अमेरिकेंतील नद्यांत व सरोवरांत तेथील मूळचे रहिवासी फार प्राचीन काळापासून ‘कॅनू’ नांवाची होडी वापरीत आले आहेत. दोन्ही टोकांस निमुळती व वजनानें हलकी अशी ही होडी ते भूर्जवृक्षाच्या सालीची करीत. सालीचे सांधे ‘स्प्रूस’ नामक वृक्षाच्या डिंकानें बुजविले जात. परंतु निव्वळ डिंक थंडींत तडकतो, म्हणून त्यांत प्राण्यांची चरबी मिसळीत. चरबी कमी पडली तर लेपास थंडींत चिरा जात. अधिक झाली तर तो उन्हांत मऊ होऊन ओघळूं लागे. शीत व उष्ण यांमधून वाट काढण्याचा हा प्रश्न प्लॅस्टिकच्या होडीलाहि चुकला नाहीं. तो कसा, हें आतां पाहूं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युनिरॉयल या अमेरिकन कंपनीनें ‘रॉयलेक्स’ नांवाचा थरांचा पत्रा निर्माण केला. मेन संस्थानांतील ओल्ड टाउन या कंपनीप्रमाणें अनेक कारखानदारांनीं त्याच्या होड्या बनविल्या. या पत्र्याच्या मध्यभागीं फेसाप्रमाणें सच्छिद्र असें ए.बी.एस. प्लॅस्टिक असे, त्याच्या दोहों बाजूंस तेंच प्लॅस्टिक घनरूपांत व सर्वांत बाहेर व्हिनाइलची पातळ त्वचा असे. ए.बी.एस. मधील रबरासारखा अंश आघाताचा जोर पचवितो. सच्छिद्र थरामुळें होडी पाण्यानें भरली तरी तळास जात नाहीं. व्हिनाइलची त्वचा सूर्याच्या अतिनील किरणांपासून आंतील थरांचें रक्षण करिते.

कुंभाराचें मडकें एकदां भट्टींत भाजलें कीं पुनः माती होत नाहीं. परंतु लाख तापविली कीं मऊ होते व निवाली कीं पुनः कठीण होते. ए.बी.एस. हें लाखेच्या जातीचें आहे. रॉयलेक्सचा सपाट पत्रा भट्टींत तापवीत, तेव्हां त्याच्या गाभ्यांतील फेस फुगून जाडी वाढे. मग तो मऊ पत्रा निर्वात ओढीनें साच्यास चिकटवून होडीचा आकार देत. होडीचा जन्मच असा उष्णतेच्या पोटीं झालेला असल्यामुळें पुढें उष्णतेशीं तिचा संबंध सुटत नाहीं.

ए.बी.एस. सुमारें १०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास आपला कठीणपणा गमावतें. साध्या उन्हानें होडी वितळत नाहीं, हें खरें. परंतु गडद रंगाची होडी कडक उन्हांत बरीच तापते, आणि अशा वेळीं ती मोटारीच्या टपावर दोरांनीं करकचून बांधली तर तिला पोंचा येऊं शकतो. उलट पक्षीं, खडकावर आदळून पडलेला पोंचा सौम्य उष्णतेनें पुष्कळसा भरून निघतो. कारण तापलेलें प्लॅस्टिक आपल्या पूर्वींच्या आकाराकडे वळूं पाहतें. हीच उष्णता अतिरिक्त झाली तर फेस पुनः फुगतो आणि होडीवर फोड येतात.

थंडीचा त्रास याहून निराळा आहे. कांहीं होड्यांच्या कांठांस लाकडी पट्ट्या स्क्रूंनीं जोडलेल्या असतात. पांच मीटर लांबीची होडी ५० अंशांनीं थंड झाली, तर प्लॅस्टिक सुमारें दोन सेंटिमीटर आखडूं पाहतें. लाकूड मात्र लांबींत एखादा मिलिमीटरच आखडतें. स्क्रूंनीं जखडलेल्या प्लॅस्टिकला मोकळीक मिळत नाहीं, आणि स्क्रूच्या भोंकांपासून चिरा निघतात. म्हणून जाणते मालक हिवाळ्यापूर्वीं स्क्रू सैल करून ठेवितात.

रॉयलेक्सचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें. पुढें कॅनडांतील क्वेबेक प्रांताच्या एस्किफ कंपनीनें ‘टी-फॉर्मेक्स’ हा तशाच थरांचा पत्रा काढला. जुन्या रॉयलेक्सच्या होड्या मात्र नव्यानें मिळणार नाहींत, म्हणून त्या जपणें हाच उपाय होय. आपल्या घरीं चुलीजवळ राहिलेलें प्लॅस्टिकचें झांकण वांकडें होतें, त्याचें कारणहि वरीलच आहे. जी मृदुता त्याला साच्यांत आकार देते, तीच त्याला चुलीजवळ बिघडविते. पदार्थ कशानें घडला, हें ज्याला ठाऊक, त्याला तो कशानें बिघडेल हेंहि बहुधा आधींच उमगतें.