डब्याला शिट्टी नसते

थंडी सुरू झाली की नाशिककरांच्या सॅक माळ्यावरून खाली येतात. निफाडचा पारा एक आकडी होतो, पेपरात द्राक्षबागांमधल्या शेकोट्यांचे फोटो येतात आणि त्याच आठवड्यात साल्हेर, धोडप, अंकाई-टंकाईच्या मुक्कामी ट्रेकचे बेत शिजू लागतात. पूर्वी मुक्कामाला खिचडी नाहीतर पिठलं-भात ठरलेला असायचा. आता सॅकमध्ये डबाबंद पदार्थही जातात. छोले, बेक्ड बीन्स, मक्याचे दाणे आणि बहुधा गुलाबजाम. गुलाबजाम गरमच चांगले लागतात, त्यामुळे शेकोटीच्या निखाऱ्यांना डबा टेकवून ठेवायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येतेच. उघडला तर राख पडेल, पाक सांडेल, म्हणून डबा बंदच ठेवायचा, असाही विचार होतो.

कुणी हरकत घेतलीच तर उत्तर तयार असतं. कारखान्यात हे डबे बंद करूनच शिजवतात, तेही छोल्यांसारख्या पदार्थाला १२० अंशांच्या आसपास. तिथे फुटले नाहीत ते शेकोटीत कशाला फुटतील? यातली माहिती बरोबर आहे. चूक आहे ती फक्त निष्कर्षात. पण ती दाखवायला कारखान्यातल्या त्या १२० अंशांपर्यंत जाऊन यावं लागतं.

डब्यात अन्न टिकवण्याचा खटाटोप फ्रान्समध्ये सुरू झाला. निकोला आपेर या हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्या आणि १८१० मध्ये त्याबद्दल सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले. अन्न टिकतं एवढंच त्याला दिसत होतं. ते का टिकतं हे सांगणारा पाश्चर तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. पुढे हे डबे बोटींवर आणि ध्रुवीय मोहिमांवर जाऊ लागले. ते उघडायला छिन्नी-हातोडा लागे. डबा उघडण्याचं हत्यार यायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. माणूस आधी बंद करायला शिकला आणि उघडण्याचा विचार नंतर करू लागला, ही या धंद्याची जुनीच खोड दिसते.

उकळत्या पाण्यात डबे शिजवायला तासन् तास लागत. १८६१ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आयझॅक सॉलोमनने पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळलं. असं पाणी शंभरच्या बरंच वर, ११५ अंशांपर्यंत तापवता येतं. जे काम पाच-सहा तासांचं होतं ते अर्ध्या-पाऊण तासावर आलं. पण त्याबरोबर डबे फुटूही लागले. उघड्या हौदात, कामगारांच्या समोर. या कटकटीवर उपाय निघाला तो १८७४ मध्ये, त्याच शहरात. ए. के. श्रायव्हरने डबे एका बंद, भक्कम पात्रात ठेवून त्यात दाबाखालची वाफ सोडली. तापमान तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच, तरी डबे शाबूत राहिले. या पात्राला रिटॉर्ट म्हणतात आणि आजही जगभर छोले, मासे, मका त्यातच शिजतात.

रिटॉर्टमध्ये डबे फुटत नाहीत, कारण तिथे डब्याला बाहेरून आधार असतो. १२० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब साधारण दोन वातावरणांइतका होतो. डब्याच्या आत तो असतो, तसाच भोवतालच्या वाफेतही असतो. आतून ढकलणारं आणि बाहेरून दाबणारं बळ जवळजवळ सारखं, त्यामुळे पत्र्यावर पडणारा ताण थोडाच. डब्याच्या अंगावर ज्या आडव्या वळ्या दिसतात त्यासुद्धा मुख्यतः बाहेरच्या दाबाने डबा चेपू नये म्हणून घातलेल्या असतात. आतल्या दाबासाठी त्या नाहीत. कारखान्यातल्या माणसाला खरी धास्ती असते ती शिजवणं संपल्यावर. वाफ एकदम सोडून दिली तर बाहेरचा दाब झटक्यात उतरतो, आतला पदार्थ मात्र तापलेलाच असतो, आणि झाकणं टपाटप बाहेर येतात, शिवणी वाकतात. म्हणून डबे थंड होत असताना रिटॉर्टमध्ये दाबाखालची हवा भरून बाहेरचा आधार टिकवतात.

शेकोटीत हा आधार मुळातच नसतो. साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सहावा हिस्सा कमी, म्हणजे बाहेरची बाजू आणखी थोडी लंगडी. आत मात्र तीन गोष्टी एकदम वाढत जातात. डब्यात उरलेली थोडी हवा तापून पसरते. पाणी स्वतः फुगतं, वीस अंशांवरून शंभरला जाताना सुमारे चार टक्क्यांनी, आणि वर सोडलेली रिकामी जागा खात जातं. तिसरी वाफ, आणि खरी मारेकरी तीच. १२० अंशांना दोन वातावरणं असलेला तिचा दाब १४० ला साडेतीनच्या पुढे आणि १६० ला सहाच्या वर जातो. सव्वासात सेंटिमीटर व्यासाच्या नेहमीच्या डब्याचं झाकण सुमारे ४२ चौरस सेंटिमीटरचं असतं. आतलं तापमान १४० झालं की या झाकणावर बाहेरच्या दिशेने शंभर किलोहून जास्त वजनाइतकं बळ पडतं. पत्रा असतो मिलिमीटरचा पाचवा भाग. ओढून उघडायचं झाकण असेल तर रेघेपाशी तो मुद्दाम आणखी पातळ केलेला असतो, कारण बोटाच्या जोराने तिथेच फाटावा हीच त्याच्याकडून अपेक्षा आहे.

आपल्या स्वयंपाकघरात असंच बंद भांडं रोज चुलीवर चढतं, फक्त त्याला शिट्टी असते आणि शिट्टी अडकली तर वितळणारा व्हॉल्व्हही असतो. दाबाखाली शिजवणारं पहिलं भांडं बनवणाऱ्या दनी पापँनेच सतराव्या शतकात सुरक्षा झडपही बनवली. डब्याला यातलं काहीच नाही, आणि असूनही चालणार नाही, कारण हवेचा कण आत येऊ न देणं हेच तर त्याचं काम.

निखाऱ्यात ठेवलेला डबा सगळीकडून सारखा तापतही नाही. पातळ पाक निदान फिरतो, उष्णता वाटून घेतो. बीन्स किंवा छोल्यांचा घट्ट रस जागचा हलत नाही. निखाऱ्याकडची बाजू आतून वाफाळत असते आणि पलीकडे हात लावला तर डबा कोमट. कोमट आहे म्हणून तो आणखी दहा मिनिटं ठेवला जातो. बर्फाळ प्रदेशात याची आणखी वाईट आवृत्ती होते. कॅनडा, फिनलंडकडे गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणारे लोक असोत की लडाखमधले जवान, त्यांच्या सामानातला डबा आधी गोठलेला असतो. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, त्याने शिवण आधीच ताणलेली. वर स्टोव्हवर ठेवला की तळाशी पाणी उकळायला लागतं आणि वरती बर्फाचा गोळा तसाच बसून राहतो.

डबा फुटण्याआधी बहुतेक वेळा इशारा मिळतो. झाकणावरच्या गोल कड्या दाबाने बाहेर उमलतात तेव्हा टक् असा आवाज येतो. पण तो आवाज ऐकून माणूस करतो काय, तर डबा झाला म्हणून फडक्याने उचलतो आणि उघडायला बसतो.

भाजण्याची हमखास संधी इथे आहे. डबा न फुटता आगीतून बाहेर आला म्हणजे धोका टळला असं नाही. दाबाखाली पाणी १३० अंशांनाही द्रवच राहतं. झाकणाला चीर पडली की दाब एका क्षणात उतरतो आणि १३० अंशांचं पाणी द्रव म्हणून राहू शकत नाही. चारशे ग्रॅमच्या डब्यात वीसेक ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होते. आकड्याने हे किरकोळ वाटेल, पण वीस ग्रॅम पाण्याची वाफ ३० लिटरहून जास्त जागा मागते. ती बोटभर चिरेतून बाहेर पडताना समोर आलेला रस, छोले, पाक सगळं घेऊन निघते, आणि डबा उघडणारा माणूस त्यावर वाकलेला असतो. गुलाबजामचा पाक यात सगळ्यात वाईट. पाणी अंगावरून ओघळून जातं, पाक चिकटून बसतो आणि भाजत राहतो.

घरातसुद्धा हा प्रकार होतो. कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा कुकरमध्ये उकळून आतलं दूध टॉफीसारखं घट्ट करण्याची कृती वर्षानुवर्षं वह्यांमधून फिरते आहे. बहुतेकदा ती निभावते, आणि का निभावते ते आता लक्षात येईल. शिट्टीखालचा कुकर हा छोटा रिटॉर्टच आहे, तो बाहेरून डब्याला धरून ठेवतो. गडबड होते ती घाईत शिट्टी वर करून वाफ सोडली की, किंवा साध्या पातेल्यात उकळताना पाणी आटून डबा कोरडा पडला की, किंवा गरम डब्यावरच ओपनर चालवला की. पहिली चूक थेट कारखान्यातल्या रिटॉर्टमधली आहे.

बिनपाण्याच्या आगीचा दुसरा त्रास रसायनांचा. डब्याच्या आतल्या बाजूला अन्न पत्र्याला लागू नये म्हणून लाखेसारखा प्लास्टिकचा पातळ लेप असतो. पत्र्यावर कथील असतं आणि ते २३२ अंशांना वितळतं. लाकडाचे निखारे त्याच्या दुपटीहून सहज तापतात. जिथवर आतून रस टेकलेला असतो तिथवर पत्रा त्या मानाने थंड राहतो, पण रसाच्या वरची कोरडी कड थेट भाजते आणि तिथला लेप जळतो. त्यामुळे झाकण काढून डबाच चुलीवर ठेवणं हा उपाय फुटण्यापुरता ठीक आहे, खाण्यासाठी फारसा नाही.

डबा गरम कसा करायचा हा प्रश्न सैनिकांना फार पूर्वीपासून पडलेला. देवळालीच्या छावणीने ब्रिटिश काळात ये-जा करणाऱ्या असंख्य पलटणी पाहिल्या आणि त्यांच्या शिध्यात डबे असतच. दुसऱ्या महायुद्धात हाइन्झ कंपनीने ब्रिटिश सैन्यासाठी स्वतःच तापणारे सूपचे डबे बनवले. मधोमध एक नळी, नळीत जळणारं रसायन, वर वात. सिगारेटने वात पेटवली की चार-पाच मिनिटांत सूप गरम. त्याआधी डब्याला वरून भोकं पाडायची सक्त सूचना होती आणि घाईत ती विसरणाऱ्यांच्या अंगावर सूप उडे. आपल्याकडे मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने, ती १९६१ मध्ये सुरू झाली, जवानांसाठी डब्याऐवजी पाकिटाची वाट धरली. तेच तंत्र पुढे बाजारात आलं. आज किराणा दुकानात मिळणारी राजमा, पालक पनीरची चपटी पाकिटं त्याच घराण्यातली.

भोकाबद्दल एक सांगायला हवं, कारण अनेक ट्रेकर खिळ्याने एक भोक पाडून निश्चिंत होतात. एक छोला तिथे येऊन बसला की भोक बंद. आणि तापल्यावर आठवण होऊन पाडलेलं भोक म्हणजे तीच वाफेची पिचकारी, फक्त बारीक आणि म्हणून जास्त जोराची.

मुळात डब्यातलं अन्न शिजलेलंच असतं, गार खाल्लं तरी चालतं. कारखान्यातलं १२१ अंशांना तीन मिनिटं हे गणित क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या बीजाणूंना मारण्यासाठी बसवलेलं आहे. बेल्जियममधल्या एका गावात १८९५ मध्ये हॅम खाऊन काही वादक दगावले, तेव्हा एमिल व्हान एरमेंगेमने तो शोधून काढला. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात, आणि हवा नसलेला, आंबट नसलेला डबा त्यांना मानवतो. टोमॅटो, अननस पुरेसे आंबट असल्याने त्यांना एवढी उष्णता लागत नाही. थंडच डबा फुगलेला दिसला तर मात्र प्रकरण वेगळं. तो आतल्या जिवाणूंनी सोडलेल्या वायूने फुगलेला असू शकतो, तो गरम करून खायचा नसतो, फेकायचा असतो.

गरमच हवं असेल तर डबा उघडून टोपात ओतावा, एवढी साधी गोष्ट आहे. टोप घासायचा कंटाळा हेच या सगळ्याचं मूळ असावं असा मला संशय आहे. बंद डबा आगीत राहून गेलाय असं लक्षात आलं तर काठीने ओढू नये, सगळ्यांनी लांब सरकावं, लाकडं घालणं थांबवावं, आग आपोआप विझून डबा पूर्ण गार होईपर्यंत त्याला हात लावू नये. भाजलंच तर भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, बर्फ काही नाही. गडावर टाक्यात बाटली बुडवून पुन्हा पुन्हा ओतावी लागेल.

पाकिटवाल्यांचं काम त्या मानाने सोपं. पाकीट उकळत्या पाण्यात सोडायचं, आणि भांड्यात पाणी आहे तोवर तापमान उकळबिंदूच्या वर जात नाही. नाशिक शहरात हा बिंदू ९८ अंशांच्या आसपास असतो, साल्हेरच्या माथ्यावर ९५. पाकिटावर पाच मिनिटं लिहिलेली असतील तर वर एखादं मिनिट जास्त धरावं.