विश्लेषण: कड्यावरचे बोल्ट चोरांपासून कसे वाचवतात?

तैलबैलाची भिंत चढून गेल्यावर खाली यायचं ते दोरावरून. तो दोर अडकवतात खडकात बसवलेल्या अँकरमध्ये. अँकर म्हणजे साधारण दोन बोल्ट, त्यांवर हँगर नावाची स्टीलची पट्टी आणि कधी साखळी किंवा कडी. हे सामानच कुणी काढून नेलं तर?

काढणं अवघड नसतं. नेहमीच्या एक्स्पान्शन बोल्टवर हँगर एकाच नटाने धरलेला असतो. पाना फिरवला की सुटला. भंगारात त्याचे कितीसे मिळणार! पण वर पोहोचलेल्याची परतीची वाट बंद होते. त्याहून धोकादायक असतो अर्धवट सैल करून सोडलेला नट, कारण लांबून सगळं जागेवरच दिसतं.

स्वस्त उपाय म्हणजे नट आवळून बोल्टचे बाहेर आलेले आटे हातोडीने ठेचणं. शिअर नटही मिळतात. पुरेसे आवळले की त्यांचं षटकोनी डोकं तुटतं आणि पान्याला पकडच उरत नाही. सर्वात भक्कम ग्लू-इन बोल्ट. भोकात रेझिन भरून अखंड बोल्ट चिकटवतात, त्यामुळे नटच नसतो. मात्र भोक स्वच्छ हवं आणि रेझिन सुकेपर्यंत त्यावर लटकता येत नाही.

अडचण पुढेच आहे. झिजलेला हँगर बदलताना चोरासाठी केलेला बंदोबस्त दुरुस्ती करणाऱ्यालाही नडतो. बोल्ट कापून खडकात नवं भोक पाडावं लागतं. म्हणून वर्दळीच्या कड्यावर ग्लू-इन आणि आडवाटेच्या सुळक्यावर साधा नट, हे मला जास्त पटतं. तिथे जाताना मात्र १० आणि १२ मिलिमीटरचे जादा हँगर, नट आणि पाना सोबत असावा.