मौन प्रार्थना (लेखांक ६) : बसायचं, पण कोणासमोर?

मागच्या आठवड्यात तोंडी प्रार्थनेबद्दल लिहिलं. आता तोंड मिटून करायच्या प्रार्थनेकडे येऊ. हा विषय निघाला की भिलाईच्या वैशाली नगरात काय किंवा पुण्यात काय, मराठी ख्रिस्ती घरात एक शंका हमखास निघते: डोळे मिटून एकच शब्द घोळवत बसणं आपल्यात कुठून आलं? हा तर योगवर्गातला प्रकार!

शंका रास्त आहे, पण इतिहास तिच्या बाजूने नाही. पाचव्या शतकात जॉन कॅसियन या मठवासीयाने इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांची शिकवण लिहून ठेवली. ७० व्या स्तोत्राचं पहिलं वचन उठता-बसता मनात चालू ठेवा, असं ती सांगते. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने प्रभूच्या प्रार्थनेतला एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर म्हणायची रीत घालून दिली. पुढे सामान्य भाविकांपर्यंत यातलं फारसं पोहोचलंच नाही.

विसाव्या शतकात ते पोहोचवायला निघाले जॉन मेन. गंमत अशी की, त्यांना ही वाट दाखवली ती एका हिंदू स्वामींनी. १९५० च्या दशकात मलायात नोकरीला असताना ते स्वामी सत्यानंदांकडे ध्यान शिकले. नंतर ते बेनेडिक्टाइन संन्यासी झाले आणि कॅसियन वाचताना तीच शिकवण त्यांना घरातच सापडली. १९७५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ध्यानगट सुरू केला. त्यांनी सुचवलेला शब्द ‘मारानाथा’. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी तो आहे.

आपल्याकडे हे काम केलं मुंबईत १९३१ साली जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी, आधी पुण्यात, मग लोणावळ्याच्या साधना इन्स्टिट्यूटमध्ये. त्यांच्या ‘साधना’ पुस्तकातले सुरुवातीचे धडे अगदी साधे आहेत: खांद्यावरच्या कपड्याचा स्पर्श, खुर्चीला टेकलेली पाठ, जमिनीवरचे तळवे जाणवू द्यायचे. बस्स.

रोमला हे सगळं पटलं असं नाही. तिथून १९८९ मध्ये निघालेल्या एका पत्रात ध्यानपद्धतींबाबत सावध केलं गेलं, आणि १९९८ मध्ये डिमेलोंच्या काही विचारांवर ते हयात नसताना आक्षेप घेतला गेला. त्या आक्षेपाच्या वादात मी शिरत नाही. पण १९८९ च्या पत्रातला एक इशारा मला मोलाचा वाटतो: शरीर सैलावल्यावर जो निवांतपणा येतो, त्यालाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नका. निवांतपणा डुलकीनेही मिळतो. इथे आपण कोणासमोर तरी बसलेलो असतो.

राहिला परकेपणाचा मुद्दा. नागपूरहून राजनांदगावला, म्हणजे भिलाईच्या शेजारी, जाताना रेल्वेत ज्यांच्या हाती नवा करार पडला, त्या ना. वा. टिळकांनी पुढे अभंग-ओवीत ख्रिस्त गायला. आज ती भजनं कुणाला उसनी वाटतात?

आता प्रत्यक्ष बसणं. मेन सकाळ-संध्याकाळ वीस ते तीस मिनिटं सांगत. नवख्याने दहा मिनिटं बसावं. गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्ची घ्या, फक्त पाठ ताठ हवी. मा-रा-ना-था, चारही अक्षरं सारख्या लयीत, मनातल्या मनात. मे महिन्यात कूलर घरघरणार, शेजारी कुकरची शिट्टी होणार. त्यांच्याशी भांडू नका. आवाज ऐकू आला की शब्दाकडे परत या. वाण्याची यादी आठवली तरी तेच. उठण्याआधी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सावकाश म्हणा.

इग्नेशियसची श्वासाची रीत सविस्तर पुढच्या आठवड्यात.