त्याच इंजिनात जास्त हवा : टर्बोचार्जरचा दाब कोठवर वाढवावा?

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट लागतो. भरलेल्या मालमोटारी हा घाट चढताना कशा धापा टाकतात ते आपण पाहिलेच असेल. पूर्वी त्यांना घाटात थांबून इंजिन निववावे लागे. आता त्याच घाटातून, तेवढ्याच किंवा अधिक ओझ्यासह, गाड्या बऱ्याच सहज वर येतात. इंजिने आकाराने फारशी वाढलेली नाहीत. मग हे जादा बळ आले कोठून? त्याचे मोठे श्रेय जाते टर्बोचार्जर नावाच्या, दोन मुठींएवढ्या यंत्राकडे.

आणि येथूनच एक मोह सुरू होतो. टर्बोचार्जर इंजिनात हवा कोंबतो. मग आणखी थोडी कोंबली तर? इंजिनाचे सगळे भाग मूळचेच ठेवून केवळ हवेचा दाब, म्हणजे ‘बूस्ट’, वाढवला तर शक्ती फुकटात वाढणार नाही का? शाळा-कॉलेजातील गाडीवेडी मुले हा प्रश्न हमखास विचारतात. तो उडवून लावण्याजोगा नाही. त्याच्या उत्तरात भौतिकशास्त्राची अर्धीअधिक क्रमिक पुस्तके दडलेली आहेत.

इंजिनाची खरी भूक

इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो. पण वजनाने पाहिले तर ते मुख्यत्वे हवा खाते. एक ग्रॅम डिझेल पुरते जळण्यासाठी सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथे उन्हाच्या दिवशी एवढी हवा मिळवायला १३ लिटरांहून अधिक जागा लागते!

आता स्कॉर्पिओ गाडीतले २,१७९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन घेऊ. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांतून एकदा हवा आत घेतली जाते. मिनिटाला ३,००० फेरे होत असतील, तर १,५०० वेळा २.१८ लिटर, म्हणजे सुमारे ३,२७० लिटर हवा आत येईल. तिचे वजन साडेतीन किलो. एवढ्या हवेत मिनिटाला फार तर पाव किलो डिझेल जळू शकेल. त्याहून अधिक डिझेल फवारले तर शक्ती वाढणार नाही, फक्त काळा धूर वाढेल.

म्हणून शक्ती वाढवायची तर हवा वाढवली पाहिजे. इंजिन मोठे करणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग १९०५ साली स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने सुचवला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुष्कळ ऊर्जा वाया जाते. तिच्यावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या पंख्याने ताजी हवा दाबून आत ढकलावी, अशी ही कल्पना. हाच टर्बोचार्जर.

१९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेऊन त्याची परीक्षा घेतली. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर उतरले. टर्बोचार्जर लावताच ३५६ वर गेले.

दाब वाढला, पण हवा किती वाढली?

येथे पहिली गोम आहे. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे तोंड चटका बसण्याइतके तापते. हवा चटकन दाबली म्हणजे तापते, आणि तापलेली हवा पसरू पाहते. म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने थोडे गेलेच.

हिशेब करून पाहू. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आहे आणि टर्बोचार्जर तिचा दाब दुप्पट करतो. आदर्श संपीडनात तिचे तापमान सुमारे ९६ अंश होईल. पण कोणताही पंखा आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हवा १२५ अंशांपर्यंत तापेल. आता घनता काढा. दाब दुप्पट झाला, पण निरपेक्ष तापमान ३०३ वरून ३९८ केल्व्हिन झाले. म्हणून घनता दुप्पट न होता केवळ दीडपट झाली.

हीच हवा वाटेत एका जाळीदार शीतकातून नेली आणि ६० अंशांपर्यंत निववली, तर घनता १.८ पट होते. या शीतकाला ‘इंटरकूलर’ म्हणतात. गाडीच्या पुढच्या बाजूला वाऱ्याच्या तोंडी तो बसवलेला असतो. दाब तसूभरही न वाढवता केवळ निववण्याने हवेत वीस टक्क्यांची भर पडली! यातून पहिला धडा मिळतो : दाब वाढवण्याआधी हवा थंड करावी. दाबाने इंजिनावर ताण येतो. थंडाव्याने तो त्या मानाने फारच कमी येतो.

पिस्टनवर किती ओझे?

आता इंजिनाच्या आत डोकावू. डिझेल इंजिनात हवा साधारण सोळा-सतरापट दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. आत येणारी हवा एक वातावरण दाबाची असेल, तर दाबल्यावर तिचा दाब सुमारे ४४ वातावरणे होतो. आत येतानाच ती दोन वातावरणांची असेल तर ८८. अडीच असेल तर ११०. आणि हा दाब इंधन पेटण्यापूर्वीचा! ज्वलनाने तो आणखी वर चढतो.

समजा, पिस्टनचा व्यास ८५ मिलिमीटर आहे. त्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ५७ चौरस सेंटिमीटर भरेल. कमाल दाब १५० बार असेल तर पिस्टनवर साडेआठ टनांहून अधिक बल येते. दाब १९० बारवर गेला की हेच बल ११ टन होते. ते पिस्टनकडून कनेक्टिंग रॉडला, रॉडकडून क्रँकशाफ्टला आणि तेथून बेअरिंगांना मिळते. वर सिलिंडर हेड उचलले जाऊ नये म्हणून त्याचे बोल्ट त्याहून अधिक बलाने खाली ओढत असतात. ते कमी पडले की हेड गॅस्केट फुटते.

कोणी म्हणेल, अकरा टनांनी रॉड लगेच मोडत तर नाही! खरे आहे. पण एक तार घ्या आणि तीच ती जागा पुन्हा पुन्हा वाकवा. पहिल्या वाकवण्याने ती तुटत नाही. काही वेळानंतर अचानक तुटते. धातूच्या या थकव्याला श्रांती म्हणतात. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीने प्रत्येक सिलिंडरात तासाला ९०,००० वेळा ज्वलन होते, म्हणजे १०० तासांत ९० लाख ठोके. श्रांतीचा नियम मोठा कठोर आहे. ताण दहा टक्क्यांनी वाढला म्हणून आयुष्य दहा टक्क्यांनी घटत नाही, ते कित्येक पटींनी घटू शकते. म्हणूनच दाब वाढवल्यावर ‘महिनाभर काही झाले नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

भोवऱ्याचीही मर्यादा

टर्बोचार्जरचे चक्र मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेते. चक्राचा व्यास ४५ मिलिमीटर आणि फेरे दोन लाख धरले, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४७० मीटर होतो; ध्वनीच्या वेगापेक्षा अधिक! कडेवरच्या एक ग्रॅम धातूला जागेवर धरून ठेवण्यास सुमारे एक टन बल लागते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दहा टक्के वाढले की बल एकवीस टक्के वाढते.

येथे उंचीचाही संबंध येतो. मापकावर दिसणारा बूस्ट हा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब असतो. आतला निरपेक्ष दाब दोन बार हवा असेल, तर मुंबईत हवा दुप्पट दाबली की पुरे. नाशिकला बाहेरचा दाबच सुमारे ०.९३ बार असल्याने २.१५ पट दाबावी लागते. लेहला, साडेतीन हजार मीटर उंचीवर, तीनपटींहून अधिक! म्हणजे टर्बोचार्जरला अधिक वेगाने फिरावे लागते. मुंबईत सुरक्षित असलेली मांडणी लेहला धोक्याची ठरू शकते, ती अशी.

हा वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणून काही टर्बोचार्जरांत ‘वेस्टगेट’ नावाची झडप असते. दाब ठरल्याहून वाढला की ती उघडते आणि तप्त वायू चक्राला वळसा घालून निघून जातो. काहींत चक्राभोवतीची पाती फिरवून वायूचा झोत कमीजास्त करतात. बूस्ट वाढवणारे लोक बहुधा या रखवालदारालाच फसवतात.

पेट्रोलची वेगळी कथा

पेट्रोल इंजिनात आणखी एक शत्रू असतो. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण फार दाबले, फार तापले तर ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग एकदम भडकतो. पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा खणखण आवाज येतो. याला ‘नॉकिंग’ म्हणतात. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोचार्जरची मोटार निघाली. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी व मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी होई. ग्राहकांना ही टाकी भरत राहणे जमले नाही आणि १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. युक्ती बरोबर होती. पण सुरक्षितता रोजच्या दक्षतेवर टांगलेली होती.

कारखाने काय करतात?

दाब वाढवणे अशक्य आहे असे मुळीच नाही. भारतीय रेल्वेचेच उदाहरण पाहा. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिने बनू लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. पुढे त्याच जातीच्या इंजिनातून ३,१०० अश्वशक्ती काढण्यात आली. पण केवळ टर्बोचार्जर बदलून नव्हे! हवेचा शीतक मोठा केला, इंधनाचे पंप मोठे केले, कॅमशाफ्ट अधिक ताठ केला, पिस्टनला पोलादी माथा दिला. साखळीतली प्रत्येक कडी तपासूनच ओझे वाढवले.

आपल्या जिल्ह्यातही हे पाहायला मिळते. महिंद्र कंपनीचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला आणि गाड्यांचा नाशिकला आहे; डिझेल फवारणाऱ्या नोझल बनवणारा बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, कारखाना सातपूरला आहे. २०१७ साली स्कॉर्पिओ गाडी त्याच २,१७९ घन सेंटिमीटर इंजिनासह दोन रूपांत मिळू लागली : १२० अश्वशक्तीची आणि १४० अश्वशक्तीची. अधिक शक्तीच्या गाडीला पाचऐवजी सहा गतींचा गिअरबॉक्स दिला होता. शक्ती वाढली की ती पेलणाऱ्या पुढच्या भागांचाही विचार करावा लागतो.

मग सुरक्षित किती?

यासाठी एकच आकडा नाही. पण क्रम आहे. प्रथम इंजिनाची प्रकृती तपासावी. सिलिंडरचे कॉम्प्रेशन, तेलाचा दाब, नळ्यांची गळती पाहावी. मग हवा निववावी. त्यानंतरच दाब अगदी थोडा वाढवावा आणि हवेच्या प्रमाणातच इंधन वाढवावे. प्रत्येक पायरीला बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान मोजावे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्या कितीतरी आधीच दुबळा होतो, हे विसरू नये. कमी फेऱ्यांवर फार दाब देऊ नये. कारण तेथे दाबाचा मारा रॉडवर अधिक वेळ टिकतो. आणि आकडा वाढलेला दिसला तरी तापमानाने हद्द गाठताच थांबावे.

मूळ भागांत ‘जागा शिल्लक असते’ असे गॅरेजात ऐकू येते. ती असते खरी. पण ती मेमधल्या चाळीस अंशांच्या दुपारीसाठी, भेसळीच्या इंधनासाठी, जुन्या तेलासाठी आणि घाटातल्या ओझ्यासाठी अभियंत्याने राखून ठेवलेली असते. ती आधीच खर्चून टाकली तर अडचणीच्या दिवशी हाताशी काय उरणार? शिवाय इंजिनाबरोबर ब्रेकची शक्ती वाढत नाही. रस्त्यावरच्या गाडीत कारखान्याने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते, ते यासाठीच. असे प्रयोग इंजिनाच्या परीक्षण-बाकावर, मापके लावूनच शोभतात.

साध्या गाडीच्या मालकालाही एक गोष्ट करता येते. घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबताना इंजिन लगेच बंद न करता एखादा मिनिट मंद चालू द्यावे. बंद करताच तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोचार्जरच्या बेअरिंगांत उरलेले तेल जळून त्याची काजळी होते.

करून पाहा

१. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरा आणि वीस वेळा भराभर पंप मारा. मग तितक्याच वेळा अगदी सावकाश मारा. दोन्ही वेळा पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. फरक का पडला?

२. दाब अडीचपट केला तर ३० अंशांची हवा, ७० टक्के कार्यक्षमता धरून, सुमारे १६० अंशांपर्यंत तापते. तिची घनता मूळच्या किती पट होईल? ती ६५ अंशांपर्यंत निववली तर किती? दाब दुप्पट असतानाच्या वरच्या उत्तरांशी ताडून पाहा. दाब पंचवीस टक्के वाढवून न निववलेली हवा किती टक्के वाढली, हे दिसले की बूस्टचा मोह आपोआप ताळ्यावर येईल.