कपाटातली पदवी आणि आपले मत

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वस्तीत बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुली आता घरोघरी दिसतात, अलहम्दुलिल्लाह. निकाह ठरताना त्या पदवीचा उल्लेख अभिमानाने होतो. नंतर प्रमाणपत्र कपाटात जाते, ते राहतेच. त्या कागदावर एक जादा मत मिळते, हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असते.

आपल्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेचे 288 आमदार आपण सगळे मिळून निवडतो. विधान परिषदेत 78 सदस्य असतात. त्यांपैकी 30 जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, 22 जणांना महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांचे सदस्य निवडतात आणि 12 जणांना राज्यपाल नेमतात. उरलेल्या 14 जागांपैकी 7 पदवीधरांच्या आणि 7 शिक्षकांच्या.

युरोपातल्या आयर्लंड या चिमुकल्या देशातही अशीच रचना आहे. तिथल्या वरिष्ठ सभागृहात 60 सदस्य असतात आणि त्यातले 6 पदवीधर निवडतात. हे सभागृह बंद करावे का, असे 2013 मध्ये जनतेला विचारले गेले, तेव्हा बहुमताने ‘नको’ म्हटले. वरिष्ठ सभागृहाचे अधिकार दोन्हीकडे मर्यादितच. आपली परिषद विधेयक काही महिने रोखू शकते, कायमचे अडवू शकत नाही. पण प्रश्न विचारणे, चूक दाखवणे, मशवरा देणे हे तिचे काम. मशवऱ्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. कुरआनच्या 42व्या सूरहचे नावच अश्-शूरा आहे.

आपण कोकण विभाग पदवीधर मतदारसंघात येतो. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे त्यातले जिल्हे. तिथली मागची निवडणूक 2024 मध्ये झाली. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते.

घोळ होतो तो इथे. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून या यादीत ते आपोआप येत नाही. प्रत्येक निवडणुकीपूर्वी ही यादी नव्याने तयार होते, म्हणून मागच्या वेळी नाव असले तरी पुन्हा अर्ज करावा लागतो. पदवीधरांसाठी नमुना 18, शिक्षकांसाठी नमुना 19. पदवी मिळून 1 नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी तीन वर्षे झालेली हवीत. शिक्षकांनी मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवलेले असावे. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी त्याचा पुरावा आधीच काढून ठेवावा. गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

मत देताना फुली मारायची नाही. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. आयर्लंडमध्येही असेच आकडे लिहितात.

लेकीला शिकवताना आपण पोटाला चिमटा काढला. आता तिची पदवी कपाटातून बाहेर काढू या, एक झेरॉक्स करून ठेवू या. अर्जाची मुदत जाहीर होईल तेव्हा धावपळ नको.